नागीण व तिची प्रतिबंधक लस

नागीण : कांजिण्यांच्या व्हायरसामुळे होणारा, शरीराच्या एकाच बाजूस एखाद्या तंत्रिकेच्या (मज्जातंतूच्या) क्षेत्रापुरता पट्ट्यासारखा उठणारा आणि तीव्र वेदना देणारा पाणीदार फोडांचा विकार. वैद्यकात यास ‘हर्पीज झॉस्टर’ म्हणतात. इंग्रजी बोलीत ‘शिंगल्स’ हे नाव रूढ आहे. ‘झॉस्टर’ या ग्रीक शब्दाचा अर्थ कमरपट्टा असा असून ‘शिंगल्स’ हे नावही कमरपट्टा याच अर्थाच्या लॅटिन शब्दाचे रूपांतर आहे. ‘हर्पीज’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे. ते क्रियापद व ज्यापासून ‘सर्प’ शब्द सिद्ध झाला तो संस्कृतातील ‘सृप्’ धातू हे भाषाशास्त्रदृष्ट्या सगोत्र मानले जातात. ‘नागीण’ हे मराठी नाव ग्रीकांकडून आलेले नाही. तथापि त्वचेवर वळसा घेत सरपटत जाणारे काहीतरी, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे.

या नावाबरोबर एक समजूतही चालत आली आहे. नागिणीचे तोंड व शेपटी एकमेकांस भिडली, म्हणजे फोडांचा विळखा पुरा झाला, की रोगी दगावतो असे खेड्यापाड्यांत व शहरांतही अनेक जण मानतात. वस्तुत: विळखा पुरा होण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पाठीच्या कण्यातून डाव्या व उजव्या बाजूस तंत्रिकांच्या स्वतंत्र जोड्या निघतात व प्रत्येक तंत्रिका आपापल्या बाजूच्या त्वचेच्या पट्ट्याला संवेदना पुरविते. हा रोग बहुधा एकाच बाजूच्या एका किंवा लगतच्या दोन तंत्रिकांत उद्भवतो, म्हणून त्याचे फोड शरीराच्या मध्यरेषेशी येऊन थांबतात. दोन्ही बाजूंस नागीण उठलीच, तरी वेढा पूर्ण झाल्याने मृत्यू येतो यास आधार नाही. ही समजूत निरुपद्रवी मात्र म्हणता येत नाही. तिच्या भयाने रोगी प्रथम मंत्र घालून नागीण उतरविणाऱ्याकडे जातो, पुरळावर गेरूचा किंवा झाडपाल्याचा लेप लावतो, आणि फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप वाळत असल्यामुळे उपायाला गुणही आल्यासारखे दिसते. ज्या पहिल्या तीन दिवसांत औषधाचा खरा उपयोग व्हावयाचा ते दिवस अशा रीतीने निघून जातात.

कारण व संप्राप्ती : कांजिण्या व नागीण हे एकाच व्हायरसाचे दोन आविष्कार होत. व्हॅरिसेला-झॉस्टर या नावाने ओळखला जाणारा हा व्हायरस हर्पीज कुलातील असून त्याचे जननिक द्रव्य डीएनए स्वरूपाचे असते. प्रथम संसर्ग होतो तेव्हा, बहुधा बालपणी, कांजिण्या येतात. त्या बऱ्या झाल्यावर व्हायरस शरीरातून नाहीसा होत नाही. तो संवेदी तंत्रिकांच्या वाटेने मेरुरज्जूलगतच्या पश्चमूल गुच्छिकांत (तंत्रिका कोशिकांच्या पुंजक्यांत), तसेच मस्तिष्क तंत्रिकांच्या गुच्छिकांत जाऊन सुप्तावस्थेत राहतो. लसीका कोशिकांवर आधारलेली प्रतिरक्षा शाबूत आहे तोवर त्याला डोके वर काढता येत नाही. वय वाढले, किंवा रोगाने अथवा औषधांनी ही प्रतिरक्षा क्षीण झाली, म्हणजे एखाद्या गुच्छिकेतील व्हायरस पुन्हा वाढू लागतो, तंत्रिकेचा शोथ (दाहयुक्त सूज) घडवितो व तिच्याच वाटेने उलटा त्वचेपर्यंत येतो. फोडांपूर्वी वेदना का होते आणि फोड गेल्यावरही ती का रेंगाळते, याचे उत्तर या प्रवासात आहे.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. नागीण एका माणसापासून दुसऱ्यास ‘लागत’ नाही. तिचे बीज ज्याच्या त्याच्या शरीरातच असते. मात्र नागिणीच्या फोडांतील द्रवात जिवंत व्हायरस असल्यामुळे ज्यास पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत व ज्याने त्यांची लसही घेतलेली नाही अशा व्यक्तीला त्या द्रवाच्या संपर्काने कांजिण्या येऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवावेत आणि संरक्षण नसलेल्या गर्भवती स्त्रिया, नवजात अर्भके व प्रतिरक्षा दुबळी असलेले रुग्ण यांना दूर ठेवावे. याहून अधिक विटाळ धरण्याचे कारण नाही.

इतिहास : दोन रोगांचे हे नाते उलगडण्यास सु. शंभर वर्षे लागली. इंग्रज वैद्य रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ मध्ये फोडांच्या मांडणीवरून हा तंत्रिकांचा विकार असावा असे सुचविले व जर्मन त्वचारोगतज्ञ बेरेनश्प्रुंग यांनी १८६० नंतरच्या दशकात मृत रुग्णाच्या गुच्छिकेत शोथ दाखवून दिला. हेन्री हेड व ए. डब्ल्यू. कँबेल यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नागिणीच्या पुरळांवरून मानवी त्वचेवरील तंत्रिकाक्षेत्रांचा नकाशाच तयार केला. घरातील प्रौढास नागीण झाली की त्याच घरातील मुलांना थोड्याच दिवसांत कांजिण्या येतात, हे हंगेरीतील बालरोगतज्ञ बोकाई यांच्या १८८८ च्या सुमारास ध्यानात आले होते. दोन्ही रोगांतील व्हायरस प्रयोगशाळेत वाढवून ते एकच असल्याचे टॉमस वेलर यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविले. पोलिओच्या व्हायरसाच्या संवर्धनाबद्दल नोबेल पारितोषिक (१९५४) मिळविणाऱ्या तिघांपैकी हे एक होत.

या इतिहासातील विशेष लक्षणीय व्यक्ती मात्र कोणत्याही विद्यापीठातील नव्हे. इंग्लंडमधील सायरनसेस्टर या लहान गावी व्यवसाय करणारे सामान्य वैद्य एडगर होप-सिंप्सन यांनी १९४७ पासून १६ वर्षे आपल्याकडील सु. साडेतीन हजार लोकांत नागिणीचे किती रोगी आढळतात याची नोंद ठेवली. एकूण १९२ रोगी मिळाले. म्हणजे प्रमाण दर वर्षी हजारी ३ ते ४ पडले. हे प्रमाण मुलांत हजारी १ हूनही कमी व ऐंशी वर्षांपुढील लोकांत हजारी सु. १० होते. पंचाऐंशी वर्षे जगणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा नागीण होते, असा हिशेब त्यांनी मांडला व तो नंतरच्या मोठ्या पाहण्यांतही स्थूलमानाने टिकून राहिला. कांजिण्यांच्या साथींशी नागिणीचा मेळ बसत नाही, तेव्हा ती बाहेरून येत नसून आत दडलेल्या व्हायरसाच्या पुनर्जागृतीने होते, ही उपपत्ती त्यांनी १९६५ मध्ये सविस्तर मांडली. एकाच रोग्याच्या कांजिण्यांतील व पुढे झालेल्या नागिणीतील व्हायरसाचे डीएनए ताडून पाहून तिला प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो १९८४ मध्ये. नोंदवही व चिकाटी एवढ्याच साधनांनी केलेले इतके मोलाचे वैद्यकीय संशोधन विरळाच.

लक्षणे व उपद्रव : फोड दिसण्यापूर्वी एक ते पाच दिवस छाती, पाठ, कंबर किंवा कपाळ यांच्या एका बाजूस आग, मुंग्या, ठणका किंवा वीज चमकल्यासारखी कळ येते. अंगावर काहीच दिसत नसल्यामुळे या काळात हृदयविकार, पित्ताशयाचा शोथ, मुतखडा अशी निदाने होण्याचा संभव असतो. नंतर लाल चट्ट्यांवर पाणीदार फोडांचे झुबके उठतात, सात ते दहा दिवसांत त्यांवर खपल्या धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा भरून येते. निम्म्याहून अधिक रोग्यांत विकार धडावर, विशेषत: छातीच्या पट्ट्यात असतो. अंगावरील वस्त्राचा स्पर्शही सहन होत नाही, असे रोगी सांगतात.

पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या नेत्रशाखेत नागीण झाल्यास डोळ्यास धोका असतो. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसणे हे स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक पडदा) वा डोळ्याचे इतर भाग ग्रासले जाण्याचे पूर्वचिन्ह मानतात व ते दिसताच नेत्रवैद्यास त्याच दिवशी दाखवावे. उपेक्षा झाल्यास दृष्टी जाऊ शकते. कानाच्या नागिणीत चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते व ऐकू येणे कमी होते. प्रतिरक्षा अतिशय दुबळी असेल, तर फोड सर्वांगावर पसरतात आणि फुप्फुसे, यकृत व मेंदू यांनाही बाधा पोहोचते. मृत्यूचा खरा धोका येथे असतो.

तथापि सर्वांत अधिक आढळणारा व वृद्धांचे आयुष्य कष्टमय करणारा उपद्रव म्हणजे नागीणोत्तर तंत्रिकाशूल होय. पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही वेदना राहिली, तर तिला हे नाव देतात. चाळिशीच्या आत हा उपद्रव विरळा. साठीनंतर मात्र दर पाच ते दहा रोग्यांमागे एकास तो होतो व वयाबरोबर हे प्रमाण वाढते. वेदना कित्येकदा वर्षानुवर्षे टिकते, झोप जाते, भूक मंदावते आणि माणूस घराबाहेर पडेनासा होतो. त्वचा वरून बरी दिसत असल्यामुळे घरच्यांनाही दुखण्याची कल्पना येत नाही. ॲमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटीन, प्रीगॅबालीन, त्वचेवर चिकटवावयाच्या लिडोकेनाच्या पट्ट्या, मिरचीतील तिखट द्रव्य कॅप्सायसीन यांचे लेप असे अनेक उपाय आहेत. पण उपायांची संख्या मोठी असणे हेच त्यांपैकी एकही पुरेसा खात्रीचा नसल्याचे लक्षण आहे.

चिकित्सा : गर्ट्रूड एलियन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून निघालेले ॲसायक्लोव्हिर (एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले) आणि त्याच वर्गातील व्हॅलॅसायक्लोव्हिर व फॅमसायक्लोव्हिर ही औषधे व्हायरसाची वाढ रोखतात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू केल्यास फोड लवकर वाळतात व आरंभीच्या वेदनेचा काळ कमी होतो. डोळ्याची नागीण असल्यास, नवे फोड येतच असल्यास किंवा प्रतिरक्षा दुबळी असल्यास ही मुदत टळली तरी ती देतात. मात्र दीर्घकालीन तंत्रिकाशूल या औषधांनी खात्रीने टळतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून लशीचे महत्त्व. नागीण होऊच न देणे हाच तो शूल टाळण्याचा भरवशाचा मार्ग होय.

लस : जपानमधील ताकाहाशी मिचिआकी यांनी १९७४ मध्ये कांजिण्यांच्या व्हायरसाचा दुर्बल केलेला ‘ओका’ वाण वापरून लस तयार केली. त्याच वाणाची कितीतरी अधिक बलवत्तर मात्रा असलेली नागिणीची पहिली लस अमेरिकेत २००६ मध्ये वापरात आली. साठ वर्षांवरील ३८,५४६ लोकांवर घेतलेल्या तिच्या चाचणीत (२००५) नागिणीचे प्रमाण ५१ टक्क्यांनी व नागीणोत्तर शूलाचे ६७ टक्क्यांनी घटले. परंतु सत्तरीनंतर, म्हणजे गरज सर्वांत मोठी तेथेच, ती दुबळी पडे व तिचा प्रभाव काही वर्षांत ओसरे. शिवाय जिवंत व्हायरस असल्याने प्रतिरक्षा क्षीण झालेल्यांना ती देता येत नसे. अमेरिकेत तिचा पुरवठा २०२० मध्ये बंद झाला.

तिची जागा घेणारी पुन:संयोजी लस (‘शिंग्रिक्स’) अमेरिकेत २०१७ मध्ये संमत झाली. हीत व्हायरस नसून त्याच्या पृष्ठभागावरील ग्लायकोप्रथिन ई हा एकच घटक असतो. त्याच्या जोडीला प्रतिरक्षा चेतविणारे साहाय्यकारी द्रव्य असते; त्यातील एक घटक चिली देशातील एका वृक्षाच्या सालीपासून मिळतो. या द्रव्यामुळे म्हाताऱ्या शरीराची मंदावलेली प्रतिरक्षाही जोमाने जागी होते. पन्नास वर्षांवरील १५,४११ लोकांच्या चाचणीत (२०१५) ही लस ९७ टक्के व सत्तरीपुढील लोकांच्या चाचणीत (२०१६) सु. ९० टक्के परिणामकारक ठरली. चाचण्यांतील लोकांवर पुढे अकरा वर्षे लक्ष ठेवले असता संरक्षण सु. ८० टक्क्यांपर्यंत टिकलेले आढळले. वयाने कमी न होणारा गुण वृद्धांसाठीच्या लशीत असणे ही असाधारण गोष्ट आहे.

लस दंडाच्या स्नायूत, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा टोचतात. टोचल्या जागी दुखणे, ज्वर, अंगदुखी, थकवा हे परिणाम पुष्कळांत होतात व दर सहांपैकी सु. एकाच्या दैनंदिन कामात दोन-तीन दिवस व्यत्यय येतो. हे आधी सांगितले नाही, तर मनुष्य दुसऱ्या मात्रेस फिरकत नाही, असा अनुभव आहे. गियाँ-बारे लक्षणसमूह हा तंत्रिकांचा गंभीर विकार पासष्टीपुढील लोकांत दर दहा लाख मात्रांमागे सु. तीन इतक्या अल्प प्रमाणात वाढल्याचे अमेरिकेत आढळले व २०२१ मध्ये तशी सूचना लशीच्या माहितीपत्रकात घालण्यात आली.

जुन्या लशीसंबंधी एक अनपेक्षित निरीक्षण वेल्समधून पुढे आले. तेथे २०१३ मध्ये लसीकरण सुरू करताना २ सप्टेंबर १९३३ रोजी वा नंतर जन्मलेल्यांना ती देण्याचे ठरले. त्याआधी जन्मलेले कायमचे वगळले गेले. त्यामुळे केवळ काही दिवसांच्या फरकाने लस मिळालेले व न मिळालेले असे दोन गट आपोआप पडले. सात वर्षांनी पाहता लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सु. एक-पंचमांशाने कमी भरले (२०२५). तारखेची अशी विभागणी प्रयोगाच्या चिठ्ठ्यांसारखीच निष्पक्ष असल्याने हा पुरावा नेहमीच्या पाहण्यांपेक्षा वजनदार आहे. पण त्याची कारणमीमांसा निश्चित झालेली नाही व केवळ त्यासाठी लस घ्यावी असे अद्याप कोणी सुचविलेले नाही.

लस कोणी घ्यावी : पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांनी ती घ्यावी अशी अमेरिकेतील शिफारस आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये २०२३ पासून पासष्टी गाठणाऱ्यांना ती शासनातर्फे देण्यास आरंभ झाला, तर ऑस्ट्रेलियात त्याच वर्षापासून पासष्टीपुढील सर्वांना व पन्नाशीपुढील मूळ रहिवाशांना ती विनामूल्य मिळते. वयोमर्यादांतील हा फरक विज्ञानापेक्षा खर्चाच्या हिशेबातून आला आहे. आपल्याला कांजिण्या झाल्याचे आठवत नाही, ही अडचण नव्हे. पन्नाशी गाठलेल्या बहुतेकांच्या शरीरात हा व्हायरस असतोच, म्हणून त्यासाठी रक्ततपासणी करण्याचे कारण नाही. नागीण एकदा होऊन गेलेल्यांनीही लस घ्यावी, कारण ती पुन्हा होऊ शकते. मात्र चालू पुरळ पूर्ण बरे झाल्यावरच ती टोचावी. जुनी जिवंत लस घेतलेल्यांनी नवी घेणे इष्ट आहे.

वयापेक्षाही निकडीचा दुसरा गट म्हणजे प्रतिरक्षा दुबळी असलेल्यांचा. रक्ताचा कर्करोग, मूलकोशिका वा मूत्रपिंड यांचे प्रतिरोपण, एचआयव्ही संसर्ग, संधिवाताभ संधिशोथासारख्या विकारांत दीर्घकाळ चालणारी प्रतिरक्षारोधक औषधे यांमुळे तरुणपणीही नागीण होते. भारतात तरुण रोग्याची नागीण पाहून एचआयव्हीची तपासणी सुचविण्याचा प्रघात त्यामुळेच पडला. अशांसाठी अमेरिकेत २०२१ पासून १९ वर्षांपुढे लशीची शिफारस असून दोन मात्रांतील अंतर एक-दोन महिन्यांपर्यंत आणता येते. मूलकोशिकांचे प्रतिरोपण झालेल्यांच्या चाचणीत तिची परिणामकारकता सु. ६८ टक्के भरली. निरोग्यांपेक्षा कमी, तरी उपेक्षणीय नव्हे. शक्य असेल तेथे प्रतिरक्षारोधक उपचार सुरू होण्यापूर्वीच लस द्यावी. हा विचार उपचार ठरविताना करावयाचा असतो व घाईत नेमका तोच राहून जातो.

निरोगी तरुणांना व मुलांना या लशीची गरज नाही. मुलांसाठी कांजिण्यांची लस वेगळी आहे व ही तिला पर्याय नव्हे. गर्भवतींच्या बाबतीत ती प्रसूतीनंतरपर्यंत पुढे ढकलतात. पहिल्या मात्रेनंतर तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) आल्यास दुसरी देऊ नये. अंगावर नागीण असताना किंवा तिचा शूल चालू असताना तो थांबविण्याचा उपाय म्हणून लस टोचून घेणे व्यर्थ आहे. ती प्रतिबंध करते, उपचार करीत नाही.

भारतात पुन:संयोजी लस २०२३ मध्ये पन्नाशीपुढील प्रौढांसाठी उपलब्ध झाली. ती शासकीय सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही व दोन मात्रांचा खर्च सामान्य निवृत्तिवेतनधारकास जड वाटावा इतका आहे. त्यामुळे अमेरिकेतील शिफारस येथे जशीच्या तशी उचलणे अवघड आहे. पैशाची ओढ असलेल्या कुटुंबात आधी प्रतिरक्षारोधक औषधे घेणाऱ्या व्यक्तीचा, नंतर साठी-सत्तरीतील वडीलधाऱ्यांचा, त्यांतही मधुमेह किंवा श्वसनाचे जुने विकार असणाऱ्यांचा व शेवटी पन्नाशीतील निरोगी माणसाचा विचार करणे युक्त होईल. पहिल्या मात्रेनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला, तरी ती वाया जात नाही. क्रम नव्याने सुरू न करता उरलेली दुसरी मात्रा शक्य तितक्या लवकर घ्यावी.